कड्यावरच्या गावात मारलेली हाक

मंडळी, आज सुट्टी होती, म्हणून कंपनीच्या कॅम्पातले आम्ही दोघे इथल्या, सौदीतल्या अल बाहाजवळचं कड्यावरचं जुनं दगडी गाव बघायला गेलो. ओढ्याकाठच्या वाटेने चढलो. काठाला केळी आणि चक्क केवडा! गुहागर सोडल्यापासून तो वास घेतलाच नव्हता.

वर एका घराच्या उंबऱ्याशी बूट काढले आणि सवयीने हाक मारली, "कोण आहे का घरात?"

मागे बसलेला म्हातारा राखणदार हसला. त्याला मराठी येत नाही, पण हाक कळली. अरबीत म्हणाला, "खलास! सगळे जेद्दाला गेले, कामाला."

आम्हीही हसलो. पलीकडच्या वाटेने उतरताना मात्र माझं हसू गेलं. आई गेल्यापासून आमच्या घराला कुलूप आहे. मी इथे, भाऊ दम्मामला.

तुमच्या दारात कोणी हाक मारली, तर आतून 'ओ' कोण देतं?