ईराला न आलेला ताप

माझ्या घरात तीन माणसं राहतात आणि तिघांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. तरी सहा वर्षांत आम्ही आपसांतसुद्धा तिच्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. बाहेर कुणाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आज तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचा चेहरा समोर असता तर मी पुन्हा तीच थाप मारली असती. ती आता पाठ आहे माझी.

मी आखातात, बुरैदा नावाच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, बायकांच्या विभागात. माहेर गुहागरच्या बाजूचं. परसदारी उभं राहिलं की समुद्र दिसायचा. आणि लग्नानंतर प्रसादच्या नोकरीपायी येऊन पडले कुठे — तर कुठल्याही दिशेला गाडी हाणली तरी सात-आठ तास समुद्र नाही अशा गावात. खजूर उत्तम मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण खजुराकडे बघत बसता येत नाही ना! दोन वर्षांनी एकदा गावी जायचो, तेही मुलीच्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे भर पावसाळ्यात. तेव्हा आमचा समुद्र गढूळ आणि खवळलेला असतो, पाण्यात पाय घालायची सोय नसते. म्हणजे समुद्राच्या गावची मुलगी, आणि कितीतरी वर्षांत गुडघाभर पाण्यात उभी राहिले नव्हते. तुम्हाला हसू येईल, पण मला ते स्वप्नात यायचं — पाणी मागे जाताना पायाखालची वाळू सरकते ना, ते.

हे मी आधीच का सांगतेय? कारणं रचतेय का? बहुतेक रचतेच आहे. सवय वाईट असते.

मुद्द्यावर येते. हनान नावाची माझी मैत्रीण आहे. सीरियाची, माझ्याच विभागात, माझ्याच हुद्द्यावर, राहायलाही आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. मला अरबी तिने शिकवली. पेशंटने शिवी दिली की शिवी आणि तिचं उत्तर, दोन्ही शिकवायची. मी इथे पहिल्यांदा रडले ते तिच्याच खांद्यावर, चादरी-टॉवेल ठेवायच्या लिननच्या खोलीत. तिच्या घरचे लढाईत पांगले होते. आई धाकट्या भावाबरोबर तुर्कस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावर, मेर्सिनच्या पुढे तासाभरावर एका छोट्या गावात राहायची. हनानला तिथला व्हिसा मिळत नव्हता — तीनदा अर्ज केला, तीनदा नकार. आणि आई तिथून एकदा बाहेर पडली तर तिला परत आत घेणार नव्हते. सात वर्षं मायलेकी फक्त मोबाइलच्या पडद्यावर भेटत होत्या. मीही त्या पडद्यात डोकं घालायचे. खालती म्हणायचे मी त्यांना, म्हणजे मावशी. त्या मला बाल्कनीतून समुद्र दाखवायच्या. गुलाबी इमारत, तिसरा मजला, वर उन्हासाठी ताणलेली हिरवी कनात. समुद्र दिसला की मी गप्प व्हायचे आणि हनान म्हणायची, “बघ, आईपेक्षा हिचं लक्ष मागे आहे.”

मग एका जुलैत आमचं तुर्कस्तानला जायचं ठरलं. इस्तंबूल सगळेच करतात. मी हट्टाने मेर्सिन घातलं. प्रसादला सांगितलं, हनानच्या आईला भेटायचंय. ते खरंही होतं — तेव्हा.

आता इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. आखातात राहणारी आमच्याकडची माणसं सुट्टीवर निघाली की दुसऱ्याचं घर बघून येतात. नुसतं पार्सल पोचवून नाही चालत. आत जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, म्हातारं माणूस कसं चालतंय ते नीट बघायचं, आणि परत येऊन ते ज्याचं त्याला सांगायचं. यात टाळाटाळ करणाऱ्याला कुणी बोलून दाखवत नाही, पण पुढच्या वेळी त्याच्याकडे कुणी काही देतही नाही. आमच्या हॉस्पिटलातल्या रेहानासिस्टर दाभोळच्या. त्या माझ्या आईला बघून आल्या होत्या. दोन तास खर्ची घालून, एसटी बदलून. आल्यावर म्हणाल्या, “गो, तुझ्या आईन मला तुझ्याच ताटात जेवायला वाढलान.” त्या एका वाक्यावर मी महिना काढला होता. म्हणजे या भेटीचं मोल मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

हनानने दोन वस्तू दिल्या. एक सुकरी जातीच्या खजुराची पेटी, तिने स्वतः बाजारात जाऊन निवडलेली. आणि एक तपकिरी स्कार्फ, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तो देताना ती लाजली. म्हणाली, “हसू नको. आई म्हणाली, वापरलेला पाठव. न धुता.” आणि मग थांबून म्हणाली, “आणि तुझा हात ती सोडणार नाही, आधीच सांगते. ती म्हणते, माझ्या मुलीला रोज शिवणारं माणूस येतंय, मला त्याला एकदा शिवायचंय.”

मला तेव्हा भरून आलं होतं. खरंच आलं होतं. काय उपयोग?

त्या दिवशी आम्ही मिनीबसने गावात अकराला उतरलो. मी, प्रसाद आणि नऊ वर्षांची ईरा. खालतींकडे बाराला जायचं होतं. बसथांबा समुद्रालगतच्या रस्त्यावर, आणि रस्त्यापलीकडे ती गुलाबी इमारत — लांबूनच ओळखली मी. हिरवी कनातही दिसली. आणि अलीकडे समुद्र. निळा. आमचा कधी नसतो असा, तळ दाखवणारा. एक तास हाताशी होता. म्हटलं, जरा पाय बुडवू.

आमच्याकडे समुद्रावरून कधी उठायचं ते समुद्रच सांगतो. पाणी अमुक खडकाला लागलं की घरी, हा आईचा नियम. तिथे मी उगाचच पाण्याकडे बघत होते, आणि ते पाणी हलतच नव्हतं. ना भरती, ना ओहोटी. जिथे होतं तिथेच. त्यामुळे वेळ कळला नाही — असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. हातात घड्याळ होतं आणि मी ते दोनदा बघितलं. एकदा बाराला दहा कमी असताना. एकदा साडेबाराला.

प्रसाद म्हणाला, “चल ना, म्हातारी वाट बघत असेल.” मी म्हटलं, पाच मिनिटं. मग ईराला भूक लागली आणि मी खजुराची पेटी फोडली. हो, तीच. म्हटलं, चारच काढू. चाराचे वीस झाले. मीही खाल्ले, ओल्या हातांनी, पाण्यात बसून. प्रसादने पुन्हा आठवण केली, तेव्हा मी त्याच्यावर खेकसले — वर्षभर दुसऱ्यांच्या आया सांभाळते, एक दिवस मला जगू दे की! तो टॉवेलवर आडवा झाला.

आता पेटी फोडलेली. फोडलेली पेटी घेऊन कसं जायचं? कपडे ओले, ते कसे चालतील? हे सगळं मी मनात मांडत होते आणि मांडताना मला बरं वाटत होतं. कारण खरं कारण निराळंच होतं. वर गेले असते तर एक बाई माझ्या गळ्यात पडून रडली असती. माझा हात धरून बसली असती. मला हनान व्हावं लागलं असतं तासभर, दोन तास. आणि ती दुपार माझी होती. कितीतरी वर्षांनी फक्त माझी. मला ती कुणाला द्यायची नव्हती.

एवढंच होतं. इतकं लहान. सात मिनिटांवरचं घर.

फोन तीनदा वाजला, हनानचा. मी तो टॉवेलखाली सारला.

चारच्या मिनीबसने परत निघालो. बस इमारतीसमोर थांबली, माणसं चढत होती. मी वर पाहिलं. का पाहिलं? तिसऱ्या मजल्यावर, कनातीखाली, पांढऱ्या स्कार्फातली एक बाई दोन्ही हात कठड्यावर टेकून उभी होती. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती वाकून बघत होती. उतरणाऱ्यांकडे, चढणाऱ्यांकडे नाही. मी खिडकीत होते. तिने मान जरा वळवली असती तर आमची नजरानजर झाली असती. ईरा म्हणाली, “मम्मा, दॅट्स हनान आंटीज मॉम, नो?” आणि बोट दाखवायला तिने हात उचलला.

मी तो हात खाली ओढला. तिचं डोकं माझ्या मांडीत दाबलं आणि म्हटलं, झोप. दुखेल इतकं दाबलं असणार, कारण ती “आउच” म्हणाली. बस सुटेपर्यंत मी हात काढला नाही.

तुम्हाला सांगायचं होतं ते हे. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

हॉटेलवर आल्यावर हनानला मेसेज केला. ईराला वाटेतच सणकून ताप भरला, अर्ध्या रस्त्यातून परतलो, फोन बंद पडला, माफ कर. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसा आकडाही टाकला, एकशे दोन. दोन मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला. पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेव. आईला सांगितलं. आई म्हणते, जेवणाचं काय घेऊन बसलात, पोर बरी होऊ दे. आई नमाजाला बसली आहे तिच्यासाठी.

सकाळपासून वाट बघून थकलेली ती बाई माझ्या ठणठणीत मुलीच्या तापासाठी दुवा मागत होती. मी ते ऐकलं. आणि काय केलं? थँक्यू असं लिहिलं.

बुरैदात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी हनान घरी आली, मसुराचं सूप घेऊन. आजारी पोराला तेच देतात म्हणे त्यांच्याकडे. ईरा सोफ्यावर चित्र रंगवत होती. हनान तिच्यापुढे खाली बसली, कपाळाला हात लावला आणि विचारलं, “कशी आहेस, हबीबती? ताप गेला?” ईराने माझ्याकडे पाहिलं. मी तिला काहीही शिकवून ठेवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तेवढी हिंमतच नव्हती माझ्यात. ती हनानकडे वळली आणि म्हणाली, “आय ॲम फाइन नाऊ, आंटी.”

नऊ वर्षांची होती हो. तिने माझी लाज झाकली. आणि मला सुटल्यासारखं वाटलं — याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

स्कार्फ मी परत दिला. हनानने पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, “आता याला तुझ्या बॅगेचा वास येतो.” हसली ती. खजूर वाटेत खराब झाला म्हणून सांगितलं. खराब झालेल्या खजुरावर तिने विश्वास ठेवला — बुरैदात राहणाऱ्या बाईने! सुकरी असा आठवड्यात खराब होत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिला कळलं नाही, की तिने कळू दिलं नाही? हा प्रश्न मी तिला विचारू शकत नाही.

त्याच हिवाळ्यात खालती गेल्या. हनानने दफन मोबाइलवर पाहिलं, आमच्या उपचाराच्या खोलीत, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. मी शेजारी उभी होते. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती माझ्याकडे बोट करून सांगायची, “ही निघाली होती माझ्या आईकडे. माझ्या माणसांतलं हे एकच माणूस तिच्यापर्यंत जायला निघालं.” लोक माझ्याकडे आदराने बघायचे. मी मान खाली घालायचे. ते विनय समजायचे.

वर्ष झालं तेव्हा तिने मृताच्या नावाने जेवण वाटलं. पहिली बशी आमच्याकडे. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, लिंबू पिळलेला, मांस नसलेला. म्हणाली, “आईने त्या दिवशी तुमच्यासाठी हेच केलं होतं. दहादा विचारलं मला, हिंदी माणसं काय काय खात नाहीत म्हणून.”

तेव्हापासून दरवर्षी ती बशी येते. या वर्षीही आली, मागच्याच महिन्यात. दार ईराने उघडलं. आता पंधरा वर्षांची आहे ती, माझ्याहून उंच. बशी घेतली, नीट थँक्यू म्हणाली, टेबलावर ठेवली आणि आपल्या खोलीत गेली. ती त्यातलं एक पानही कधी खात नाही. प्रसाद म्हणतो, ऑफिसात जास्त झालं. मग मी बसते आणि खाते. सगळी. टाकवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा हक्क मला नाही. चवीला फार सुंदर असतात. हेही सांगून टाकते.

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बशी धुतली, तिच्यात घरचे दोन बेसनाचे लाडू ठेवले आणि ईराला हाक मारली — खाली हनान आंटीला देऊन ये. ती दारात आली. बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

“तू दे ना, आई,” ती मराठीत म्हणाली. “सांगायचं तुला आहे.”

मी बशी घेऊन जिना उतरले. हनानने दार उघडलं, मला जवळ घेतलं, लाडू बघून ओरडली, आत ये म्हणाली. मी आत गेले, बसले, चहा घेतला. लाडवात तूप कुठलं घातलंय ते सांगितलं. आणि परत वर आले.