मायची साक्ष

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार खोटं मी सोळाव्या वर्षी बोलले, आणि तेही चर्चमध्ये, पंचांसमोर उभं राहून. आता वय झालं, कोणाची भीती राहिली नाही, म्हणून लिहून टाकते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आम्ही माळी, अमरावतीच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा. बाबा माझ्या जन्माआधीच ख्रिस्ती झालेले. वांग्याला पाणी देताना देवानं आपल्याला नावानं हाक मारली, असं ते सांगायचे आणि कितव्या वाफ्यात ते दाखवायचेही. माय मात्र ख्रिस्ती झाली नव्हती. दर रविवारी आमच्याबरोबर चर्चला यायची, गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची, पण बाप्तिस्मा घेतला नव्हता. प्रभुभोजनाच्या दिवशी बाप्तिस्मा झालेल्यांसाठी भाकरीचं ताट रांगेतून फिरायचं, तेव्हा ते या हातानं घेऊन त्या हातानं पुढे द्यायची. त्या वेळचा बाबांचा चेहरा मला बघवत नसे. आपण स्वर्गात जाऊ आणि ही मागे राहील, हा एकच घोर त्यांना लागलेला होता.

कोणी विचारलं की मायचं उत्तर ठरलेलं. "मले अजून बोलावलं नाई."

आमच्याकडची रीत माहीत नसेल तर हे कळायचं नाही. लग्नाकार्यात आधी अक्षत देऊन आवतन देतात. पण तेवढ्यावर कोणी जेवायला जात नाही. जेवणाच्या दिवशी पानं मांडली की यजमानाकडचा माणूस दारोदार फिरून पुन्हा बोलावतो, चला म्हणतो, तेव्हा माणसं उठतात. ते बोलावणं आलं नाही तर घरात उपाशी बसतील, पण पंगतीला जाणार नाहीत. माय या बाबतीत फार कडक होती. सख्ख्या भावाच्या घरचं बोलावणं यायला उशीर झाला, तर ही दुपारभर लुगडं नेसून ओट्यावर बसून राहिली होती आणि शेवटी घरी पिठलं टाकून जेवली. पाळकांचं प्रवचन म्हणजे तिच्या लेखी आवतन. ते साऱ्या गावाला असतं. दुसरं बोलावणं बाबांना आलं होतं, तिला यायचं होतं. त्याची ती अठरा वर्षं वाट बघत होती, आणि यात आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही.

आमच्या मंडळीत लहान लेकरांना बाप्तिस्मा देत नसत. मोठं झाल्यावर ज्यानं त्यानं पंचांपुढे साक्ष द्यायची, की देवानं मला केव्हा आणि कसं बोलावलं. अकोल्याहून मोठे पाळक वर्षातून दोनदा त्यासाठी यायचे. माझी पाळी आली तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. लहानपणापासून ऐकत आले, पटलं, यावंसं वाटलं, बस. पण माझ्या आधीच्या दोघींनी असल्या भारी साक्षी दिल्या, एकीला तर उजेड दिसला होता, की माझी जीभ सुटली. मी म्हणाले, गुरुवारी सकाळी विहिरीवर पाणी शेंदताना मला माझ्या नावानं हाक ऐकू आली. वर घागर फुटली हेही घातलं. पंच खूश. बाबा रडले. मला मिशनच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं, आणि त्यासाठी बाप्तिस्मा लागत होता. लबाडीच होती ती, दुसरं काय.

त्या दिवसापासून मायचं गाणं बंद झालं. चर्चला यायची, पण ओठ मिटून बसायची. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघी मळ्यात मेथी उपटत होतो. माय खाली मान घालूनच म्हणाली, "त्या गुरुवारी मीबी विहिरीवरच व्हती."

मी हातातल्या मेथीची माती झटकत राहिले.

"तू शेंदून राहिली व्हती, मी धुणं धुवून राहिली व्हती. पाच हातांवर. म्हंजे तो आपल्या विहिरीपर्यंत आला, तुले बोलावलं, अन् माह्याकडं न पायताच गेला." जुडी बांधता बांधता ती थांबली. "मले एक सांग पोरी. आवाज कसा व्हता? मले आला असंन अन् धुण्याच्या नादात समजला नसंन, असं तं नाई झालं?"

स्वतःचा इतका राग मला पुढे कधीच आला नाही. म्हटलं, "माय, कोणी बोलावलं नाई मले. मी खोटं बोलली. मले यावंसं वाटलं म्हणून मी आली."

ती रागावेल, निदान एखादी तोंडात देईल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मंग तू बिनबोलावल्यानं पंगतीत बसली?"

"हाव."

"अन् त्यानं तुले उठवलं नाई?"

"नाई."

मायनं राहिलेली मेथी उपटली, टोपली भरली आणि बाजारात गेली. पुढे चार-पाच महिने या विषयावर अवाक्षर काढलं नाही. मग अकोल्याचे पाळक आले, आणि माय आपली आपण उठून पंचांसमोर जाऊन उभी राहिली. बाबांनाही ठाऊक नव्हतं.

पाळकांनी विचारलं, "बाई, देवानं तुम्हाला केव्हा बोलावलं?"

"नाई बोलावलं. लय वर्सं वाट पायली. आता मीच आली. ठेवा, नाई तं उठवा."

पंचांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाले, पाचारण नाही तर तारण कसलं, पुढच्या खेपेला बघू. दुसरे म्हणाले, तिनं स्वतः निवडलं, देवाला आणखी काय पाहिजे. दोघंही पुस्तकाची पानं उलटायला लागले. बाबा भिंतीला टेकून उभे होते, हातातला रुमाल पिळत.

पाळकांनी हात वर करून दोघांना थांबवलं. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं तुम्ही थांबलात. न बोलावता यायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी बायकांच्या दुसऱ्या रांगेत होते. तिनं माझं नाव घेतलं असतं तर माझी साक्ष खोटी, बाप्तिस्मा खोटा आणि शाळाही गेली. माझ्या मायनं कालची मेथी आजची म्हणून उभ्या जन्मात विकली नव्हती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कोणीच नाई," ती म्हणाली. "माह्या मनानंच आली."

पाळकांनी मान हलवली आणि वही उघडली. मी उठायला पाहिजे होतं. उठले नाही. त्यांनी तिचं नाव लिहिलं, आणि देवाच्या घरात पाऊल टाकता टाकता माझी माय आयुष्यातलं पहिलं खोटं बोलली, ते माझ्यासाठी.