दम आला त्या वर्षी

आमच्या गावात सगळी पोरं जूनच्या शेवटी जन्माला यायची. शाळेत नाव घालताना गुरुजी पोराकडे एकदा बघून तारीख ठोकून द्यायचे, आणि आईबापांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्यामुळे पाचवीत मी बारा वर्षांचा होतो आणि माझ्या बाकावरचा, मिशी फुटलेला, घोगऱ्या आवाजाचा गडीही बारा वर्षांचाच होता.

दर हिवाळ्यात शाळेतून आर्वीच्या रस्त्यावरच्या नाल्यापर्यंत आणि परत अशी शर्यत व्हायची. पहिला येणाऱ्याला जिल्ह्याच्या शर्यतीसाठी वर्ध्याला नेत. मला वर्ध्याला धावायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. पहिल्या कडुनिंबापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे असायचो. मग कुशीत कळ यायची, आणि माझ्या बाकावरचा तो काकासारखा दिसणारा समवयस्क आरामात मला मागे टाकून जायचा.

उपाय प्रत्येकाकडे होते. ड्रिलचे गुरुजी म्हणायचे, नाकाने श्वास घे. आई भिजवलेले चणे द्यायची. वर्षभर मी चणे चावले, नाकाने श्वास घेतला आणि पुढच्या हिवाळ्यात मोठ्या दिमाखात चौथा आलो. बाबा तेवढं म्हणाले, "आंग वाढू दे आंदी. दम आपोआप येते मंग."

आणि खरंच आला. एका उन्हाळ्यात माझी चड्डी आखूड झाली, आवाज फुटला, छाती भरली. पावसाळ्याच्या तोंडाशी सहज नाल्यापर्यंत पळून आलो, तर कळ नाही की धाप नाही. खात्री करायला पुन्हा जाऊन आलो. गुरुजींनी सगळं श्रेय नाकाला दिलं आणि यंदा वर्ध्याला तूच, असं सांगून टाकलं.

दुर्दैवाने वाढलेलं अंग बाबांनाही दिसलं. आमच्याकडे पोराचं खरं वय वावरात ठरायचं. कपाशीत बैलांमागे तण काढायचा डवरा चालवताना त्याची मूठ न वाकता हातात आली, की पोर मोठं झालं. माझ्या हातात ती अगदी बेतून केल्यासारखी आली. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत मी कपाशीच्या तासांमधून चालायचो. बैल थकायचे, मी नाही. भलताच गुणी निघालो.

महिनाभराने गुरुजी घरी आले. पोराला शाळेत परत पाठवा, त्याच्या छातीत दम आहे, असं त्यांनी बाबांना परोपरीने सांगितलं. बाबांनी त्यांना चहा दिला आणि ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दम नोता तवा तुमच्याकडंच होता ना तो? आता दम आला, तं आमाले नाई लागत का?"

गुरुजी चहा पिऊ लागले. मी गोठ्यात बैलाच्या आडोशाला उभा राहून रडत होतो. आवाज ओसरीवर जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून धरला, आणि गुरुजी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो मस्त टिकला.