निळ्या हातांची कोर्पो

लोफा भागातल्या एका गावात कोर्पोला लोक हातांवरून ओळखत. चाळीस वर्षं सूत निळीत बुडवून ती कोपरापर्यंत निळी झाली होती. लायबेरियात युद्ध पेटलं तेव्हा तिनं रंगाचा रांजण रानात पुरला. परतल्यावर आधी रांजण उकरला, मग घर उभं केलं.

युद्धानंतरचं पहिलं मतदान होतं. शाळेच्या दाराशी निळ्या टोप्यांचे परदेशी शिपाई बंदुका घेऊन उभे होते. आत बोटं तपासणारा कारकून तिचे हात बघून चक्रावला.

"काय गं म्हातारे, दहा बोटांनी दहा मतं टाकून आलीस?"

रांग खो खो हसली. मागून तिची लेक लोर्पू म्हणाली, "अहो, रंगारीण आहे ती! गावात कुणालाही विचारा."

दोघींनी मत दिलं. लोर्पूच्या बोटावर शाई काळीभोर उमटली. कोर्पोच्या निळ्याकाळ्या बोटावर ती दिसलीच नाही.

बाहेर टोक्पा बाटल्यांतून पेट्रोल विकत बसला होता. युद्धात गावच्या रस्त्यावरचा बंदूकधाऱ्यांचा नाका त्याच्या ताब्यात होता. कोर्पोचा थोरला त्या नाक्यावरून परत आलाच नाही.

"मत द्यायला जाऊ नका, सांगितलं होतं ना?" लोर्पूच्या बोटाकडे बघत तो म्हणाला. "मतपेट्या हेलिकॉप्टरनं जातील, मावशी. टोप्याही जातील. बोटं इथंच राहतील."

तिसऱ्या दिवशी शेवटचं हेलिकॉप्टर झाडांवरून गेलं. आवाज विरायच्या आत कोर्पोनं लेकीला मनगटाला धरून रांजणापाशी आणलं.

"आई, वर्गातली पोरं हसतील मला!"

"हसू देत. बुडव."

हात हिरवट निघाले. वारा लागला तसे निळे होत गेले. कोर्पोनं लेकीचं शाईचं बोट उजेडात धरलं. नखावरचा काळा डाग तसाच होता. पुन्हा बुडवलं, पुन्हा पाहिलं. नख काळंच.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. कोर्पोनं लेकीचे हात रांजणात दाबले आणि वरून सुताची लड सोडली.

"मावशी, लोर्पू आहे का?" टोक्पा आत येत म्हणाला. "जरा हात बघायचे होते."

"सूत बुडवलंय तिनं. रंग चढेपर्यंत हात बाहेर काढायचे नसतात."

"असं होय?" त्यानं ओसरीवरचं स्टूल पुढे ओढलं. "मग बसतो की."