गुंदच्या रानातली तापाची मुळी

शांता म्हणाली, "अक्का, गुंदला चल, मला तिथली बोली येत न्हाई, तुला येते." मी कपाळाला आठी घालूनच पिशवी भरली.

शांता माझी धाकटी बहीण. परदेशात शिकून आली, आता कॉलेजात रसायन शिकवते. औषधी मुळीतला बारीक कण कसा वाकलाय, तो तापाला कुठं धरतो, हे ती म्हणे आकड्यांनी काढते. तिकडं खोलीएवढं यंत्र तिच्यासाठी आकडेमोड करायचं. मला तिसरीतनं काढलं ते हिचा पाळणा हलवायला. सांगूनच टाकते, मला तिचा हेवा वाटतो.

रामनगरहून सुप्याला सकाळचीच मोटार धरा, दुपारच्या गाडीचा भरवसा न्हाई. सुप्यात नदीकाठच्या खानावळीत मासळीची आमटी झकास, पण पाणी दोनदा मागावं लागतं. पुढं गुंदपर्यंत लाकडं आणायला निघालेला रिकामा ट्रक. ड्रायव्हरनं शांताला "बाईसाहेब" म्हणत पुढं बसवलं. मला म्हणाला, "मावशी, तुमी मागं. दोरी घट्ट धरा."

गुंदला यमुनाआजीकडं उतरलो. तिच्या घरात तापाची मुळी पिढ्यान्पिढ्या देतात. बाजारातल्या सुक्या मुळीवर शांतानं दोन वर्षं आकडेमोड केली, आणि ती मुळी भलतीच निघाली. आता खरी मुळी हवी, टोकापर्यंत अखंड. न्हाईतर काम बंद, तिची जागा दुसऱ्याला.

आजीच्या घरची रीत अशी, की आदल्या दिवशी झाडापुढं सुपारी-तांदूळ ठेवून आवतण द्यायचं. ज्यानं दिलं त्यानंच सकाळी काढायची, लोखंड न लावता. सालात एकच.

संध्याकाळी शांता वहीत पानांची चित्रं काढत बसलेली. आजीनं विचारलं, "आवतण कोण देतंय गे?"

मी सुपारी उचलली.

सकाळी शांता मुळी गुंडाळायला ओलं फडकं घेऊन तयार. आजीनं तिला अडवलं. "तू न्हवं. आवतण हिचं."

"अक्का, तू दिलंस?"

"व्हय. तुजं चित्र संपंना."

"बरं. मग काटकीनं माती मोकळी कर. हळू. मी सांगते तसं."

मी सांगते तसं! माझं डोकंच फिरलं. बुंधा धरला नि हिसका दिला. मुळी मधोमध तुटली.

"खालची उकरून काढू?" शांतानं विचारलं.

"तुटली ती मातीची," आजी म्हणाली. "आता फुडल्या साली या."

परतताना शांता ट्रकमध्ये मागं, माझ्याशेजारी बसली.

"कॉलेजातल्या सायबाला काय सांगशील?" मी विचारलं.

"मुळी तुटली म्हणून. कामावर ठेवलं तर ठेवलं." मग म्हणाली, "तुझा हात कामानं जड झालाय गे अक्का. मीच आधी दाखवायला हवं होतं."

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. पावसात जळवा सोडत न्हाईत. रान बघण्यासारखं हाय, आजी जेवायला घालते, नाचणीची भाकरी नि मिरचीचा ठेचा.

आता घरी येऊन आठ दिवस झाले. शांता शिकायला बाहेर राहिली, तिला माझं शेतातलं काम ठाऊक न्हाई. दरसाल परड्यातली हळद मीच काढते. ओल्या मातीतनं हळदीचं एक बोट माझ्या हातून कधी मोडलेलं न्हाई.

तुम्हाला लिहिलं. तिला पत्र लिहायला बसते, तर "चि. शांतास" याच्या पुढं हात जात न्हाई.