मोहाच्या दिवसांतलं गोल्फ

बल्लारशाहला उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं, पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. माझा मोठा भाऊ, दादा, राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत सर्वेअर होता. आता तो पुण्यात माझ्याकडे असतो; काचबिंदूने त्याची नजर चालली आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. त्याला एकच हवं होतं: खाणीच्या कॉलनीबाहेरच्या जुन्या गोल्फ मैदानावर तीन दोस्तांबरोबर अखेरचा डाव. त्या तिघांना डोळ्यांचं कळू द्यायचं नाही, ही अट. आणि तारीख चैत्रातलीच, पुढच्याच आठवड्यातली. पुण्यात बसून हे सगळं ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून मीच पाहणीला निघाले.

राजुऱ्याच्या बसचा ड्रायव्हर निवांत चहा पीत उभा. मी दोनदा खाली उतरले, दोनदा चढले. शेजारच्या बाईंनी शेवटी माझ्या हातावर सांबारवडी (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) ठेवली आणि बस कुठे पळून जात नाही म्हणाल्या. वडी खमंग होती. पण माझं मेलीचं लक्ष कुठे! अर्धी खाऊन उरलेली पर्समध्ये कोंबली आणि दादाने सांगून माझ्याकडून काढून घेतलेला मैदानाचा नकाशा तेलाने माखला.

वर्धा नदीचा पूल गेला, कोळशाच्या काळ्या टेकड्या गेल्या, मग वाळलेल्या पऱ्हाट्यांची (कापसाच्या झाडांची) शेतं लागली. राजुऱ्याहून ऑटोने मैदान गाठलं आणि मी हिरमुसलेच. गोल्फ म्हटल्यावर मला हिरवागार गालिचा दिसत होता. इथे पिवळं गवत, चेंडू पाडायच्या खड्ड्याभोवती हिरवळीऐवजी तेल मारलेली वाळू आणि जागोजागी मोहाची थोराड झाडं. राखणदार नामदेवभाऊंना मी म्हटलं, सकाळी सहालाच सुरू करू, नंतर ऊन भाजून काढेल. ते मला एका झाडाकडे घेऊन गेले.

झाडाखाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा होता. सोनाबाई नावाच्या आजी टोपलीत फुलं वेचत होत्या. मी आपली तरातरा आत शिरले, तशा त्या ओरडल्या.

"चप्पल मागं घ्या, बाई. मोह पडून राह्यला. वेचून होईपर्यंत झाडाखाली कोणी पाय नाई ठेवत. साहेब बी नाई."

इथलं एकेक झाड एकेका घराचं, खाण यायच्याही आधीपासून, असं नामदेवभाऊंनी समजावलं. चेंडू आत गेला तर, मी सोनाबाईंना विचारलं.

"आमी पाहून देतो. तुमाले नाई दिसनार."

मला ते पटेना. पर्समध्ये दादाने नमुन्याला दिलेला चेंडू होता, तो मी फुलांत घरंगळत सोडला. दोन्ही डोळे शाबूत असून मला तो पुन्हा दिसला म्हणून नाही. सोनाबाईंनी वेचता वेचताच उचलून दिला.

मला दिसत नाही तिथे दादाचं काय होणार? दोस्तांसमोर त्याची शोभा होईल. तिथेच उभ्या उभ्या मी तिघांना फोन लावले आणि डाव पंधरा दिवस पुढे ढकलला. तोवर फुलं संपतात, असं नामदेवभाऊ म्हणाले होते. परतीच्या गाडीत मी स्वतःवर भलतीच खूश होते.

घरी येऊन दादाला सगळं ऐकवलं.

"कुसुम, चैत्र मी उगाच नव्हता निवडला. मोहाच्या दिवसांत तिथे कुणालाच चेंडू दिसत नाही. चौघांचेही फुलं वेचणाऱ्या बायाच शोधून देतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी धावले, पण निघण्याआधी दोन मिनिटं बसून त्याला चैत्रच का, हे विचारलं नव्हतं. मी फोन उचलला आणि पहिल्या दोस्ताला सांगितलं, तारीख आधीचीच ठेवा. ते वैतागून म्हणाले, आता काय झालं?

"काही नाही हो," मी म्हटलं, "मला मोहाची फुलं बघायची आहेत."