भूमिती सोड, असं मी म्हणालो

धुळ्याच्या हायस्कुलात मी नोकरीला लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.ए., तेही संस्कृत घेऊन. पण शाळेत वर्ग जास्त आणि शिक्षक कमी, त्यामुळे मराठी, इतिहास आणि वेळ पडली तर अंकगणितसुद्धा माझ्या गळ्यात येई. त्यात हेडमास्तरांनी आणखी एक काम दिलं. दहावीच्या मुलांना पुढचं सांगायचं: अकरावीच्या बोर्डाच्या परीक्षेला कोणते विषय घ्यायचे, नंतर कॉलेज की नोकरी, आणि नोकरी तर कुठली. मी फटकळ होतो, आणि फटकळ माणसाचं बोलणं लोकांना खरं वाटतं, म्हणून बहुधा हे काम माझ्याकडे आलं.

बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की मी व्हरांड्यात बाकडं टाकून बसे, कारण त्याच दिवशी खेड्यांतले बाप धुळ्यात येत. मिरच्यांची पिशवी पायाशी ठेवून ते समोर बसत आणि म्हणत, "मास्तर, याले कोठे तरी नोकरीले लाई द्या." त्यांच्या घरात अकरावीपर्यंत पोचलेलं कुणी नव्हतं. मी म्हणेन ती पूर्व दिशा. एकाला मी भुसावळला रेल्वेत धाडी, दुसऱ्याला तलाठ्याच्या परीक्षेला, तिसऱ्याला प्राथमिक शिक्षकाच्या ट्रेनिंगला. खरं सांगायचं तर पोराचं तोंड पाहून धाडी. कुणाला काही विचारावं, चौकशी करावी, हे माझ्या डोक्यातही येत नसे. मला सांगायची सवय होती, विचारायची नव्हती.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी दहावीत चार मुली होत्या. त्यातली एक पांझरेच्या काठच्या एका खेड्यातली. शाळेसाठी ती धुळ्यात आत्याकडे राहायची. उंच, काटकुळी, आणि प्रश्न विचारताना समोरच्याकडे सरळ बघणारी. वर्गात मी एकदा प्रत्येकाला विचारलं, पुढे काय करणार? मुलांनी नेहमीचीच उत्तरं दिली. ही उभी राहिली आणि बाजारात जाऊन येते म्हणावं तसं म्हणाली, "डॉक्टर." वर्ग हसला. मीसुद्धा हसलो.

नंतर तिनं मला सांगितलं. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा ती दवाखान्यात सोबतीला राहिली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या, आणि त्या खोलीत आल्या की खाटेवरचे पुरुषसुद्धा उठून बसायचे. तिच्या गावात बाई आली म्हणून पुरुष उठलेला तिनं कधी पाहिला नव्हता. "मला तसे हात धुवायचेत, सर," ती म्हणाली. या वेळी मी हसलो नाही.

तिच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. मीही तेच म्हणू लागलो. मोठा सरळ माणूस. एका बाजाराच्या दिवशी ते माझ्यासमोर बसले आणि त्यांनी आपली अट सांगितली.

"मास्तर, मनी आंडेर हुशार शे, हाई माले मालूम शे. तिले जठलोंग शिकनं तठलोंग शिकू दे. पन एक डाव जरी नापास व्हयनी, ते मी तिनं लगीन करी टाकसू. भाऊबंद आत्तेच तोंडवर बोलतस."

म्हणजे लेकीनं जितकं शिकायचं तितकं शिकावं, पण एकदाही नापास व्हायचं नाही. मला ही अट वाजवीच वाटली. त्या काळात मुलीला एवढं मोकळं सोडणारा बाप त्या सगळ्या टापूत मला दुसरा दिसला नव्हता.

दिवाळीनंतर विषय पक्के करायचे असत. गणिताच्या दोन वाटा होत्या. एक बीजगणित आणि भूमितीची, दुसरी नुसत्या अंकगणिताची. ही सोपी वाट मुलींना घ्यायची मुभा होती. सहामाहीत ती भूमितीत नापास झाली होती. तिला भूमिती येत नव्हती असं नाही. ऐन त्या दिवसांत कापूस वेचणीला घरी बोलावल्यामुळे तिचे तीन आठवडे बुडाले होते, एवढंच. पण मी धास्तावलो. सहामाही आबा धरत नव्हते, पण बोर्डाच्या निकालाची त्यांची अट डोळ्यांसमोर होती. आणि आता लपवून काय करू, माझ्या वर्गाचा निकालही डोळ्यांसमोर होता. यांच्या वर्गातलं एकही मूल बोर्डात नापास झालेलं नाही, असं हेडमास्तर पाहुण्यांना सांगायचे, आणि मी शेजारी उभा राहून ऐकायचो.

मी तिला बोलावलं आणि म्हणालो, "भूमिती सोड. अंकगणित घे. पास होणार ही दगडावरची रेघ."

तिनं विचारलं, "पण सर, डॉक्टरकीला भूमिती लागत नाही का?"

"डॉक्टर काय पेशंटच्या पोटावर प्रमेयं सोडवतो?"

ती हसली. मला वाटलं, काय फक्कड बोललो. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, "सर, जळगावच्या कॉलेजला एकदा विचारून बघायचं का?" मी चिडलो. "मी सांगतोय ते पुरे नाही का?" असं वर्गात सगळ्यांसमोर म्हणालो. ती खाली बसली. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर आठवड्यात उत्तर आलं असतं. मी टाकलं नाही.

दीड वर्षानं अकरावीचा निकाल लागला. तिला पहिला वर्ग मिळाला. त्या खेड्यातून बोर्डाची परीक्षा पास झालेली ती पहिली मुलगी. आबांनी घरोघर पेढे वाटले, मलाही पुडा आणून दिला. मग त्यांचा मला निरोप आला, जळगावला तुम्हीच चला, आमले तठलं काय समजस? धुळ्यात तेव्हा सायन्सला जायची सोय नव्हती. आम्ही तिघं एस.टी.नं निघालो. आबांनी नवी टोपी घातली होती. ती खिडकीशी बसली होती, आणि पारोळा मागे पडेपर्यंत मला विचारत होती की कॉलेजात बेडूक खरोखरच कापायला देतात का.

कॉलेजच्या खिडकीशी एक वयस्क कारकून होता. त्यानं गुणपत्रिका घेतली, विषयांवरून पेन्सिल फिरवली आणि तो थांबला. "बीजगणित-भूमिती नाही," तो म्हणाला. "सायन्सला नाही घेता येणार." माझा चेहरा पाहून बिचारा स्वतःच वाट सांगू लागला: ऑक्टोबरच्या परीक्षेत तेवढा विषय देऊन टाका, पुढच्या वर्षी या. एवढे गुण आहेत, प्रवेशाला अडचण येणार नाही.

म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. एक विषय, चार महिन्यांचा अभ्यास आणि एक वर्ष. भूमिती तिला येत होती.

आवारात लिंबाखाली बाक होता. तिथं बसून मी आबांना ऑक्टोबरचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडे ऑक्टोबरला बसणं या शब्दांना एकच अर्थ होता. मार्चमध्ये आपटलेली पोरंच ऑक्टोबरला बसत. "तो काय, ऑक्टोबरवाला," असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे.

"पास व्हयेल पोर परत परीक्षाले कसाले बशी, मास्तर?" आबा हळूच म्हणाले. "मी बठ्ठा गावमा पेढा वाटेल शेत. आत्ते ती ऑक्टोबरले बसनी ते लोके काय म्हनतीन? नापास व्हयनी, बापनी खोटा पेढा वाटात."

"आबा, ती नापास नाही. हा निराळा विषय आहे."

"मंग तुम्ही पहिले काब्र नही सांगं?"

आधी का नाही सांगितलं? हाच तो प्रश्न. सरळ होता आणि त्याचं उत्तरही सरळ होतं. चूक माझी आहे, आबा. पोरीनं मला दोनदा विचारलं, मी तिला गप्प बसवलं. गावात येऊन मी चावडीवर सांगतो की मास्तर चुकला, पोर नाही. एवढं बोललो असतो तर तो माणूस ऐकला असता, आजही माझी खात्री आहे. त्याला पोरीला घरी बसवायची हौस नव्हती. त्याला लोकांना सांगायला काहीतरी हवं होतं, आणि ते फक्त मीच देऊ शकत होतो.

मी म्हणालो, "नियम बदललाय, आबा. यंदापासूनच."

मी हे का बोललो? त्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर पुढच्या बाजाराला बाप बसणार होते, आणि मास्तर चुकतो हे त्यांना कळायला नको होतं. दुसरं काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

ती आमच्या दोघांमध्ये बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं सरळ. मी खोटं बोलतोय हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं. मला वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती तर मी सुटलो असतो. तिनं मान खाली घातली आणि गुणपत्रिकेची घडी करून ती पिशवीत ठेवली.

"सरकारनीच दार लाई लिधं, मंग आपन काय करसुत," असं म्हणून आबा उठले. आर्ट्सचं मी काढून पाहिलं. ते म्हणाले, डाक्टरीन व्हनार नही, ते मंग जळगावले कसाले ठेवो?

आषाढी एकादशीनंतर चार महिने मुहूर्त नसतो, म्हणून त्याच्या आत लग्न उरकलं. तीन आठवडेही मिळाले नाहीत. स्थळ पारोळ्याकडचं, जमीन बरी, माणसं बरी. नवरामुलगा स्वतः दोनदा ऑक्टोबरला बसलेला होता आणि दोन्ही वेळा आपटलेला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मी लग्नाला जाणार नव्हतो. आबांनी बैलगाडी पाठवली, मग जावं लागलं. मांडवात त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि अक्षता पडल्यावर व्याह्यांच्याही आधी माझ्या डोक्याला फेटा बांधवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या मास्तरनी किरपा शे. मनी आंडेर एक डाव बी नापास व्हयनी नही."

लोकांनी माना डोलावल्या. ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत तेव्हाही संपली नव्हती, पण आता सांगून कुणाला काय देणार होतो? मी हात जोडले.

जोडपं पाया पडायला आलं. ती वाकली, उठली, आणि नवरा पुढच्या माणसाकडे वळला तेवढ्यात हळू आवाजात म्हणाली, "सर, आबांना मी काही बोलले नाही. बोलणार पण नाही. तुम्ही जेवून जा."

पंगतीला वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. आबा स्वतः माझ्या पानाशी उभे राहून तूप वाढत होते. मी जेवलो. पानात काही टाकलं नाही.